अकरा महिने व्हीसॅट: पावसाला दोष देण्याआधी गच्चीवर चढा

आमची व्हीसॅट, म्हणजे डिशमधून उपग्रहामार्गे चालणारी नेटची जोडणी, बघायला आलेल्या इंजिनिअरच्या एका भेटीचं बिल आलंय, २,८०० रुपये. माणूस मोडेमकडे बघून, चहा पिऊन गेला. गच्चीवर चढलाच नाही. बिलावर कारण लिहिलंय: पाऊस.

आमची पतसंस्था लालबागची. रस्त्याच्या काँक्रीटच्या कामात फायबर तीनदा तुटली, म्हणून गेल्या सप्टेंबरात गच्चीवर १.२ मीटरची डिश बसवली, केयू बँडची (उपग्रहाच्या रेडिओ लहरींचा एक पट्टा). उपग्रह ३५,७८६ किमी वर, त्यामुळे पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, ६०० मिलिसेकंदांच्या खाली येतच नाही. व्हिडिओ कॉलला त्रास होतो, पासबुकाच्या नोंदीला नाही. १९९४ साली एनएसईने याच तंत्रावर देशभरचे दलाल जोडले होते, आमचे तर चारच काउंटर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि मार्चमध्ये सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हा काही दिवस ठरल्या वेळी लिंक जाते. वेळा आधी कळतात, त्या मिनिटांत आम्ही रोकड मोजतो.

जूनमध्ये मात्र पार वैतागलो. लिंक सारखी डाऊन. फोन केला की एकच उत्तर, "साहेब, पाऊस आहे, थांबा." मलाही ते पटलं होतं. केयू बँडला पाऊस बाधतो हे खरंच आहे. करार मोडायचा, असं कमिटीला सांगूनही झालं होतं.

मग वही घातली. मोडेमच्या पानावरचा एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरदार, तो आकडा) आणि बाहेरचं आभाळ, दोन्ही रोज टिपायचं. जोराची सर आली की आकडा ११ वरून ५ वर. सर ओसरली की दहा मिनिटांत पुन्हा ११. हा खरा पाऊस. पण जुलैत एक दिवस सकाळपासून लख्ख ऊन, आणि आकडा ७! ढगच नाही तर सिग्नल अडवतंय कोण?

मोडेम बंद करून वर गेलो. एलएनबीच्या (डिशवरचा सिग्नल घेणारा भाग) कनेक्टरवर साधी काळी इन्सुलेशन टेप होती, उन्हाने सुटलेली. कनेक्टर फिरवला तर तळहातावर पाण्याचा थेंब पडला. मधल्या तारेवर हिरवा थर. याच केबलमधून एलएनबीला वीजही जाते, त्यामुळे ओलीत तार आणखी लवकर खराब होते. तेवढं टोक कापलं, नवा कनेक्टर लावला, त्यावर ताणून गुंडाळायची रबरी टेप, आणि केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथूनच ठिबकतं. खर्च १९० रुपये.

त्यानंतर लिंक दोनदाच गेली, दोन्ही वेळा मुसळधारेत, पंधरा मिनिटांच्या आत परत आली. म्हणून करार मोडायचं मी मागे घेतलंय. यंत्र चांगलं आहे, बसवणाऱ्यांनी टेपेत पैसे वाचवले. नवीन घेणाऱ्यांनी डिश बसवून झाल्यावर आधी कनेक्टरचे फोटो काढून ठेवावेत, सही नंतर.

बिल भरलेलं नाही. वहीच्या पानांसकट पत्र दिलंय. बीयूसीकडची (डिशवरचा सिग्नल पाठवणारा भाग) टेपही तशीच काळी आहे, ती या रविवारी बदलतोय.