'दंतवैद्य' असा बोर्ड असलेला दवाखाना, रूट कॅनलचा अनुभव (सातारा)

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो वेटिंगसाठी, त्याचं पुढे येईलच. दवाखाना राजवाड्याच्या बाजूला आहे, नाव टाकत नाही कारण तिथल्या डॉक्टर मॅडमना विचारलेलं नाही, पण बोर्ड इतका जुना आहे की तिथला कुठलाही पानवाला बोट दाखवेल. निळा पत्रा, त्यावर पांढऱ्या अक्षरात मोठ्ठं 'दंतवैद्य', त्याखाली नाव, त्याखाली बी.डी.एस. (मुंबई), बास. हसणाऱ्या बाईचा फोटो नाही, चकाकणारी बत्तिशी नाही, फर्स्ट कन्सल्टेशन फ्री नाही.

आणि खरं सांगू का, याच बोर्डामुळे मी दहा वर्षं तिथं पाय ठेवला नाही. वैद्य म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं, खलबत्ता, काढा, नाडी, "पोट साफ होतं का?" मला वाटायचं हा माणूस लवंगेची पूड देईल आणि सांगेल आठ दिवस चोळा. आईचंही तेच, "वैद्याकडं जाऊन दाढ बरी हुती व्हय, डेंटिस्टकडं जा की चांगल्या."

तर दिवाळीत चिवड्यातला एक न फुटलेला मक्याचा दाणा दाताखाली आला, कट्ट आवाज झाला आणि उजव्या बाजूची खालची दाढ गेली कामातनं. आधी नुसतं थंड पाणी लागलं की कळ यायची, मग गरम चहालाही, मग रात्री आडवं झालं की ठणका सुरू. लवंग दाबून धरली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, मेडिकलमधून गोळी आणली, सगळे प्रकार झाले.

मग गेलो एका नव्या चकाचक ठिकाणी. सातारा नाही, दुसऱ्या शहरात होतो तेव्हा कामानिमित्त, नाव सांगत नाही. तिथं चेअरवर पडल्या पडल्या तोंडात कॅमेरा आणि समोरच्या टीव्हीवर माझे दात इतके मोठे की मलाच माझी किळस आली, आणि दहा मिनिटांत एक ताई प्रिंट घेऊन हजर, तीन रूट कॅनल (म्हणजे दाताच्या मुळातल्या नळ्या साफ करून भरणं), चार फिलिंग, एक इम्प्लांट (म्हणजे हाडात रोवलेला खोटा दात), 68,000 रुपये, आज बुक केलं तर पंधरा टक्के सूट. माझी दुखणारी दाढ एक होती हो. कुठली दाढ का दुखते हे विचारलं तर उत्तर आलं "सर, डॉक्टर विल एक्सप्लेन" आणि डॉक्टर पुढच्या पेशंटकडे. गोळ्या घेऊन परत आलो.

साताऱ्यात आल्यावर रात्री दोन वाजता असा ठणकला की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, आणि सकाळी जे जवळ होतं तिथं गेलो, म्हणजे आपला दंतवैद्य. आत गेल्यावर पहिला धक्का, खलबत्ता वगैरे काही नाही, चेअर नवी, एक्सरे लगेच कॉम्प्युटरवर येतो तो, आणि बसलेल्या मॅडम एम.डी.एस., म्हणजे बी.डी.एस.च्याही वरची डिग्री. बोर्ड त्यांच्या सासऱ्यांचा. वास मात्र ओळखीचा, दातांच्या दवाखान्यात येतो तो. मी म्हटलं हा वास कसला हो, तर म्हणाल्या लवंगेचाच, लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं आणि तेच आमच्या तात्पुरत्या सिमेंटमध्ये असतं. म्हणजे आजी लवंग दाबून धरायला सांगायची तिचं अगदीच चुकत नव्हतं, फक्त त्यानं ठणका थोडा वेळ दबतो, आत लागलेली कीड जात नाही.

बोर्डाचं विचारल्याशिवाय मला राहवेना. म्हटलं मॅडम, वैद्य का लिहिलंय, लोकांना आयुर्वेदिक वाटतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसात वैद्यकीय रजा टाकता तेव्हा काढा प्यायला रजा टाकता का?" मी गप्प. खरंच की, वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल कॉलेज, पशुवैद्य म्हणजे जनावरांचा डॉक्टर, इंजेक्शन घेऊन गोठ्यात येणारा, तिथं आपल्याला कुणालाच चूर्ण आठवत नाही. नुसता वैद्य म्हटलं की आयुर्वेदाचा, पण आधी दंत, पशू असं काही जोडलं की सरळ डॉक्टर. सासऱ्यांनी दवाखाना टाकला तेव्हा दंतवैद्य हाच चांगला, शिकलेला शब्द होता असं त्या म्हणाल्या, आणि आता बोर्ड बदलला तर खेड्यातनं येणारे जुने पेशंट दवाखाना बंद झाला समजून परत जातील.

घरी येऊन मग मला तो नादच लागला (तोंड बधिर होतं, दुसरं करणार काय). गंमत बघा, डेंटिस्ट शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून, तिकडे दाताला म्हणतात दाँ, लिहितात 'डेंट' असं, आणि ते आलं लॅटिनमधल्या देन्स, देन्तिसवरून. आणि आपला दंत संस्कृतातला. हे दोन्ही एकाच जुन्या मुळातले, सख्खे नसले तरी चुलत भाऊ. म्हणजे आई ज्याला चांगला डेंटिस्ट म्हणते आणि ज्याला साधा दंतवैद्य म्हणते त्यांचा अर्धा शब्द एकच आहे. दात वाकडे असले की तारा लावतात तो ऑर्थोडॉन्टिस्ट, त्यातला ओडॉन्ट हा ग्रीक, तोही त्याच घराण्यातला.

बाकी बोलताना कोण दंतवैद्य म्हणतं म्हणा. आपण म्हणतो दातांच्या डॉक्टरकडे चाललोय. सरकारी दवाखान्यात दारावर दंत शल्यचिकित्सक असतं, जे वाचेपर्यंत दात आपोआप पडेल. जाहिरातीत दंतचिकित्सक. आयुर्वेदातही दातांचं आहे बरं का, मेव्हणा बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाचा डॉक्टर आहे त्यानं सांगितलं, सुश्रुतसंहिता या जुन्या ग्रंथात तोंडाचे 65 रोग दिलेत, त्यात दातांचे 8 आणि हिरड्यांकडचे 15, आणि किडलेल्या दाताला कृमिदंत म्हटलंय. पण त्या लोकांना दंतवैद्य म्हणत नाहीत, त्यांची शाखा शालाक्य, त्यात डोळे-कान-नाक सगळंच येतं. म्हणजे बोर्डावर दंतवैद्य आणि खाली बी.डी.एस. असेल तर माणूस डेंटल कॉलेजमधून शिकून आलाय, काढा मिळणार नाही, निर्धास्त जा.

डिग्रीचं सांगतोच आता. दातांच्या डॉक्टरांसाठी आपल्याकडे 1948 सालचा कायदा झाला, त्याआधी कॉलेजात न शिकता नुसत्या हातानं काम शिकलेले बरेच होते, आणि जे आधीपासून निदान पाच वर्षं धंदा करत होते त्यांची वेगळी यादी करून नोंद घेण्याची सोय त्या कायद्यात होती. आता बी.डी.एस. लागतंच. एम.डी.एस. नऊ विषयांत होतं, रूट कॅनलवाले वेगळे, हिरड्यांचे वेगळे, लहान मुलांचे वेगळे, तारा लावणारे वेगळे. या मॅडम रूट कॅनलवाल्याच निघाल्या, नशीब माझं. बोर्डावर इम्प्लांटॉलॉजिस्ट, स्माइल डिझायनर असलं काही दिसलं तर तो या नवातला विषय नाही एवढं लक्षात ठेवा, काम चांगलं असेलही, पण आधी एम.डी.एस. कशात ते विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

आता ट्रीटमेंट. एक्सरे बघून मॅडम असिस्टंटला म्हणाल्या, "सेहेचाळीस". मी उठूनच बसलो, म्हटलं माणसाला बत्तीस दात ना हो. तर तो नंबर असा, तोंडाचे चार भाग, वरचा उजवा एक, वरचा डावा दोन, खालचा डावा तीन, खालचा उजवा चार, आणि मधून मागे मोजत जायचं. म्हणजे चौथ्या भागातला सहावा, सेहेचाळीस, हीच माझी दाढ. त्या चकाचक ठिकाणच्या प्रिंटवर 46 लिहिलं होतं आणि मला वाटलं होतं तो कुठल्या तरी ट्रीटमेंटचा कोड आहे!

मी घाबरत विचारलं, "दात काढणार का?" तर म्हणाल्या, "तुम्ही काढा, आम्ही वाचवतो." दोन सेकंद लागले कळायला, मग हसलो, आणि हसलो म्हणजे दात काढलेच की.

इंजेक्शन टोचलं तेवढंच दुखलं, त्याआधी हिरडीला जेल लावलं होतं. पाच-सात मिनिटांत खालचा ओठ अर्धा गायब, गाल सुजून भोपळा झालाय असं वाटतं पण आरशात बघितलं तर जसाच्या तसा. मग दाढेवर रबराचा पडदा चढवला, फक्त ती एकच दाढ बाहेर, त्यामुळे पाणी-औषध घशात जात नाही. हे मी आधी केलेल्या एका रूट कॅनलला कुणी लावलं नव्हतं आणि तेव्हा ब्लीचिंग पावडरच्या वासाचं ते औषध जिभेवर येऊन माझी हालत झाली होती. दाढेत तीन नळ्या सापडल्या, बारीक सुयांनी साफ करताना एक मशीन टुकटुक करत होतं, मूळ कुठं संपतं ते सांगणारं. दुसऱ्या वेळी नळ्या भरल्या, त्या भरायच्या गुलाबी काड्या म्हणजे गटा पर्चा, मूळ झाडाचा चीक. दोन सिटिंग, पहिली सव्वा तास, दुसरी पाऊण.

प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, आता गार लागेल, आता कडू लागेल, आता आवाज येईल, दुखलं तर डावा हात वर करा. मी हात एकदा वर केला आणि त्या खरंच थांबल्या. एवढंच हवं असतं हो माणसाला चेअरवर.

पैसे, रूट कॅनल 4,500, एक्सरेसकट. कॅप वेगळी, धातूवर सिरॅमिकची 4,000 आणि झिर्कोनियाची 8,500. मी विचारलं कॅप लागतेच का, तर कोऱ्या कागदावर दाढेचं चित्र काढून दाखवलं, कीड काढून भिंती पातळ झाल्यात, चावायचा सगळा भार दाढेवर, कॅप नसेल तर एक दिवस उभी चिरेल आणि मग खरंच काढावी लागेल. मागे आहे, दिसत नाही, साधी बसवा असंही त्याच म्हणाल्या. बाकी दोन किडलेले दात दाखवले, ते फक्त फिलिंगनं भागतील, घाई नाही, पुढच्या पगाराला या म्हणाल्या. 68,000 पैकी किती उरले हिशोब तुम्हीच करा.

आता अर्धा स्टार. वेळ अकराची दिली तर नंबर पावणेएकला. बाहेर चार खुर्च्या आणि सात माणसं, त्यात एका आजोबांची कवळी बसवायची होती तर त्यांची अख्खी फॅमिली आलेली. फोन उचलत नाहीत, पार्किंग नाहीच, बुलेट मी लांब लावून आलो. जीपे चालतं, कार्ड नाही. आणि भिंतीवर टीव्हीवर मोठ्या आवाजात मालिका, सगळ्या घरात भांडणं, आधीच माणूस टेन्शनमध्ये असतो.

कॅपही बसली. चावताना पहिले दोन दिवस उंच वाटत होती, परत गेलो तर निळा कागद चावायला लावून घासून दिली, पैसे घेतले नाहीत. आईचा फोन आला, "काय दिलं रं वैद्यानं?" म्हटलं, टोपी घातली. तिकडं क्षणभर शांतता आणि मग, "चार हजाराची? आन् तू घालून घेतलीस?" तिला समजवायला पंधरा मिनिटं गेली. आता तिचीच कवळी सैल झालीय, पुढच्या गुरुवारी तिला घेऊन जायचंय, सकाळी नवालाच जाऊन नंबर लावतो.