कट्ट्याच्या कडा: सिमेंट, इपॉक्सी की सिलिकॉन?

स्वयंपाकघरातल्या टाइल्सच्या कट्ट्यात मधल्या सांध्यांचं एवढं काही नसतं बघा, खरी कटकट कडांची, एक भिंतीला लागलेली आणि दुसरी पुढची जिथं उभं राहून आपण चपात्या लाटतो ती. दोन्हीकडं एकच माल भरू नका. गवंडी एकच भरूया म्हणणार, त्याला एका तगारीत काम उरकायचं असतं.

पांढरं सिमेंट नुसतं पाण्यात कालवून भरलं की स्वस्तात होतं खरं पण ते आकसतं, चिरा जातात, हळद सांडली की पिवळं ते पिवळंच. पाकिटातलं सिमेंट ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा तयार माल, त्यापेक्षा बरं, 3 मिमीपर्यंतच्या फटीला बारीक बिनवाळूचं आणि रुंद फटीला वाळूवालं, पण तेही पाणी पितं म्हणून वाळल्यावर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारं द्रव, मारायचा, आणि लिंबू किंवा आमसुलाचं पाणी तिथं साचू द्यायचं नाही.

पुढच्या कडेला मी तरी इपॉक्सीच म्हणेन, कितीतरी महाग असलं तरी. तिथं कुकर आपटतो, ओलं फडकं सारखं फिरतं, सिमेंटच्या खपल्या पडतात. फक्त त्याचे दोन भाग, रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर, एकत्र केले की साधारण अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, त्यामुळं थोडं थोडं कालवायला लावा आणि टाइलवरचा पातळ थर ओल्या स्पंजनं लगेच पुसून घ्या, वाळला की घासत बसायची पाळी. आधी कधी न केलेल्या माणसाच्या हातात तर देऊच नका.

भिंतीकडं मात्र इपॉक्सीचे पैसे वाया. कट्टा वेगळा हलतो, भिंत वेगळी, ताठ माल कुठलाही असो फट पडतेच आणि मग मागं पाणी, झुरळं, सगळंच. सिलिकॉन रबरासारखं ताणलं जातं, तेच लावा, बुरशी न धरणारं बघून, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवून, आणि 24 तास पाणी नको. जवळ संगमरवर असला तर व्हिनेगरचा वास मारणारं नको, न्यूट्रल मागा. काही वर्षांनी काळं पडतं, ब्लेडनं कापून नवीन भरायचं.

बेळगावजवळ खानापूर-जांबोटीकडं पावसात भिंतीच ओल्या असतात, सिलिकॉन धरत नाही, दसरा होऊ दे.

आणि जुनं ग्राउट तसंच ठेवून "काय होत नाही ओ, वरूनच मारूया" असं गवंडी म्हणाला तर ऐकू नका, सिमेंट असो की इपॉक्सी, निदान 3 मिमी खोल खरवडून घ्या नाहीतर नवीन थर पापडासारखा सुटून येतो.