आयपीएलची समाजसेवा: वानखेडेवरची मुलं, निर्धाव चेंडूंची झाडं आणि गुलाबी जर्सी

आयपीएलचं तिकीट काढा किंवा जर्सी घ्या, त्यातून काहीतरी चांगलं काम होतंय असं हल्ली बहुतेक संघ सांगतात. त्यात गैर काही नाही. लाखो लोक जिथे आधीच जमलेले असतात तिथून मदत उभी करणं सोपं असतं, आणि ती करायलाच हवी. पण सगळे उपक्रम एका तोलाचे नाहीत. इथे पाहिलं आहे ते एवढंच, की मोजमाप कशाचं होतं आणि सामना संपल्यावर त्या कामापाशी कोण थांबतं.

सुरुवात मुंबईपासून. 'एज्युकेशन अँड स्पोर्ट्स फॉर ऑल', म्हणजे ईएसए, हा मुंबई इंडियन्स आणि रिलायन्स फाउंडेशनचा उपक्रम २०१० पासून चालू आहे. हंगामातला घरच्या मैदानावरचा एक सामना स्वयंसेवी संस्थांच्या मुलांसाठी राखून ठेवतात. २०२३ मध्ये १९,००० मुली आल्या, २०२४ मध्ये १८,००० मुलं आणि २०२५ मध्ये पुन्हा १९,०००. वानखेडेची क्षमता साधारण ३३,००० धरली तर निम्म्याहून जास्त मैदान मुलांचं. जगातल्या कुठल्याही व्यावसायिक लीगमध्ये घरच्या संघाने एका दिवसाची एवढी जागा सोडणं ही लहान गोष्ट नाही. इथे कोपऱ्यातला एखादा स्टँड देऊन काम भागवलेलं नाही.

तीन वर्षांत उजवं ठरतं ते २०२३ चं. १६ एप्रिलला कोलकात्याविरुद्धचा सामना होता. त्याआधी तीन आठवड्यांपूर्वीच मुंबईच्या मुलींनी पहिली महिला प्रीमियर लीग जिंकली होती. त्या दिवशी पुरुषांचा संघ महिला संघाची जर्सी घालून उतरला आणि नाणेफेकीच्या वेळी महिला संघाची कर्णधार हरमनप्रीत कौर मैदानात उभी होती. गॅलरीत मुलीच मुली. त्यांना कुणी भाषण द्यायची गरज नव्हती. जी बाई कप घेऊन आली ती समोर दिसत होती. उपक्रमाचं नाव आणि त्या दिवशी मैदानावर घडलेली गोष्ट इतकी जुळलेली नंतर दिसली नाही. २०२४ मध्ये दिल्लीविरुद्ध रोमारिओ शेफर्डने शेवटच्या षटकात ३२ धावा काढल्या आणि मुंबईने हंगामातला पहिला विजय मिळवला. मुलांसाठी त्याहून चांगला दिवस असूच शकत नाही, पण तो योग होता, आखणी नव्हे.

आता जी संस्था मुलं घेऊन जाणार आहे तिच्यासाठी. हे तिन्ही सामने दुपारी साडेतीनचे होते, आणि ते बरोबरच आहे. टी-२० चा एक डाव नव्वद मिनिटांचा, मध्ये वीस मिनिटांची विश्रांती, म्हणजे सातच्या सुमारास सामना संपायला हवा. प्रत्यक्षात साडेसात होतात. मुलं रात्री वेळेत घरी पोचतात. त्याची किंमत म्हणजे एप्रिलमधली मुंबईची दुपार. पारा ३३-३४ वर आणि वारा स्टँडमध्ये शिरत नाही. वानखेडेला छत आहे, पण पूर्वेकडच्या बाजूच्या खालच्या रांगांवर उतरतं ऊन थेट येतं. आत बाटल्या, पिशव्या, नाणी, पॉवर बँक नेऊ देत नाहीत, त्यामुळे पाणी आतच मिळणार हे गृहीत धरून चालावं लागतं. मुलं घरून निघाल्यापासून परतेपर्यंत आठ-नऊ तास सहज जातात, त्यातले पाच तरी खुर्चीत.

गडबड होते ती ठरलेल्या तीन ठिकाणी. पहिली, स्वच्छतागृहाची रांग: डाव संपला की सगळेच एकदम उठतात. मुलांना दहाव्या-बाराव्या षटकाच्या आसपास तुकडी-तुकडीने नेलं तर हा त्रास टळतो. दुसरी, आवाज: षटकार बसला की स्पीकर आणि गर्दी मिळून जो आवाज होतो तो आठ वर्षांच्या आतल्या पुष्कळ मुलांना झेपत नाही. रडणाऱ्या मुलाला स्टँडच्या मागच्या मार्गिकेत दहा मिनिटं नेऊन बसवायला एक मोठं माणूस मोकळं असायला हवं. दर दहा मुलांमागे एक मोठा आणि वर दोन जादा, हे प्रमाण धरावं. तिसरी, बाहेर पडणं. चर्चगेट आणि मरीन लाइन्सकडे जाणारी गर्दी आणि बसकडे जाणारी मुलं एकाच फाटकात भिडू नयेत म्हणून मुलांना आपली पाळी येईपर्यंत जागेवरच बसवून ठेवावं. मनगटावर संस्थेचं नाव आणि एक फोन नंबर पेनाने लिहिलेला असेल तर ओळखपत्र हरवलं तरी चालतं.

उणीव एकच, पण मोठी. हा एका दिवसाचा आनंद आहे. आनंद ही स्वतंत्रपणे मोलाची गोष्ट आहे, त्याला शिक्षणाचं लेबल लावायची गरज नाही. पण नावात 'एज्युकेशन' आहे म्हटल्यावर मोजणी फक्त खुर्च्यांची होऊ नये. १९,००० मुली आल्या हे सांगताना त्यातल्या किती जणी पुढच्या जूनमध्ये शाळेत होत्या, किती जणींच्या हातात बॅट आली, हेही त्याच ठळक अक्षरांत यायला हवं.

झाडांचा उपक्रम नेमका उलटा: आकडा जबरदस्त, माणूस कुठेच दिसत नाही. २०२३ च्या प्लेऑफमध्ये बीसीसीआयने टाटांच्या साथीने प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं लावायची घोषणा केली. टीव्हीवर शून्याऐवजी हिरवं झाड दिसायचं. चार सामन्यांत २९४ निर्धाव चेंडू पडले, म्हणजे १,४७,००० रोपं. कल्पना म्हणून ही उत्तम आहे. ज्या चेंडूवर काही घडत नाही त्याची लोक वाट पाहू लागले.

पण रोपांचा नुसता आकडा काही सांगत नाही. तीन मीटर बाय तीन मीटरवर खड्डे घेतले तर एका हेक्टरात साधारण १,१११ रोपं बसतात. १,४७,००० रोपांना १३२ हेक्टर लागतील. तीच रोपं मियावाकी पद्धतीने, म्हणजे अगदी दाटीने, चौरस मीटरला तीन लावली तर पाच हेक्टरच्या आत काम संपतं. दोन्हीचे उपयोग वेगळे, खर्च वेगळे, जगण्याचं प्रमाण वेगळं. घोषणेत आकड्याच्या शेजारी क्षेत्र आणि पद्धत असलीच पाहिजे. ज्यांनी दख्खनच्या मुरमाड जमिनीत झाडं लावली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावा लागतो. रोप जूनच्या दुसऱ्या चांगल्या पावसानंतर लावायचं, पिशवी पूर्ण काढून, मुळाभोवतीचा मातीचा गोळा न फोडता. ऑगस्टअखेरीस लावलेलं रोप मुळं धरायच्या आत पाऊस जातो. मग पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी आणि शेळ्यांपासून कुंपण. रोप मरतं ते यातल्याच कशाने तरी: उशिरा लावणी, तुटलेलं पाणी किंवा चरणारी जनावरं. म्हणून मोजायचं ते तिसऱ्या वर्षी जिवंत असलेलं झाड.

खर्चाचं म्हणाल तर तो लीगला जड नाही. २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. ४१० सामन्यांचा हिशोब धरला तर सामन्याला ११८ कोटी, म्हणजे २४० चेंडूंत वाटले तर चेंडूला ४९ लाख. लावणी आणि तीन वर्षांची निगा मिळून रोपाला ३०० रुपये धरले तरी ५०० रोपांचे दीड लाख होतात. राखणदाराचा पगार द्यायला पैसे नाहीत, असं इथे कुणी म्हणू शकत नाही.

राजस्थान रॉयल्सचा 'पिंक प्रॉमिस' यात सगळ्यांत नेटका वाटतो. ६ एप्रिल २०२४ ला जयपूरमध्ये बंगळुरूविरुद्ध संघ पूर्ण गुलाबी जर्सीत उतरला, ग्रामीण राजस्थानातल्या बायकांच्या सन्मानासाठी, आणि प्रत्येक षटकारामागे सहा घरांना सौरऊर्जा द्यायची असं ठरलं. सामना बघणाऱ्याला एक षटकार म्हणजे सहा घरं हे लगेच कळतं, आणि घर ही जाऊन बघता येण्यासारखी गोष्ट आहे. त्या दिवशी कोहली आणि बटलर दोघांचीही शतकं झाली, त्यामुळे घरं भरपूर मिळाली. पण गोलंदाजांचा दिवस असता तर? गावाची गरज खेळपट्टीवर ठरत नाही. घरांचा किमान आकडा आधी जाहीर करून षटकारांची घरं त्यावर जादा द्यावीत.

'घर उजळलं' म्हणजे काय, हेही कळायला हवं. सात वॉटचे तीन दिवे पाच तास चालवायला ४० वॉटचं पॅनेल पुरतं. त्यात पंखा आला, तो २८ वॉटचा डीसी पंखा असला तरी, की पॅनेल १०० वॉटचं लागतं आणि बॅटरी १२ व्होल्टची, लिथियम असेल तर ३० अँपिअर-तासांची, लेड-अ‍ॅसिड असेल तर ५० ची. राजस्थानात पॅनेलवर धूळ बसते, आठवड्याला पुसलं नाही तर दिवे लवकर विझू लागतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीन-चार वर्षांत जाते. बॅटरी कोण बदलणार आणि गावात दुरुस्ती येणारी बाई किंवा माणूस आहे का, या दोन प्रश्नांवर असे प्रकल्प उभे राहतात किंवा बसतात.

बंगळुरूची हिरवी जर्सी २०११ पासूनची, म्हणजे जुनी. नाणेफेकीला कर्णधार समोरच्या कर्णधाराला रोप देतो. जाणीव जागवण्यापुरती ती ठीक आहे, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

जर्सी घेणाऱ्यांसाठी एक खुलासा. जर्सीचे पैसे संस्थेला जाणार असले तरी तुमच्या दृष्टीने ती खरेदीच. देणगीवरची करसवलत, जिला सगळे ८० जी म्हणतात, ती जर्सीवर मिळत नाही. ती हवी असेल तर नोंदणीकृत संस्थेला थेट द्या, २,००० च्या वर रोख देऊ नका, आणि सवलत जुन्या करप्रणालीतच आहे हे लक्षात ठेवा.

तुलनेसाठी क्रिकेटबाहेरचं एक उदाहरण मुंबईतच आहे. एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगने, रिलायन्स फाउंडेशनबरोबर २०१३ मध्ये 'ज्युनिअर एनबीए' सुरू केलं. त्याचा भर शाळेतल्या पीटीच्या शिक्षकांना बास्केटबॉल शिकवायला तयार करण्यावर होता. मुलं दरवर्षी पुढच्या वर्गात जातात, शिक्षक तिथेच राहतो. म्हणून हा खर्च मुरतो. ४ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळले तेव्हा प्रेक्षकांत या कार्यक्रमातल्या ७० शाळांची ३,००० मुलं होती. नेमक्या त्याच तारखेला ह्यूस्टन रॉकेट्स या एनबीए संघाचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांच्या बाजूने ट्वीट केलं आणि चीनच्या सरकारी वाहिनीने एनबीएचं प्रक्षेपण थांबवलं. शाळांमध्ये प्रामाणिक काम करणारी तीच लीग दुसऱ्या देशात व्यापार सांभाळताना शब्द तोलू लागली. चांगलं काम त्यामुळे खोटं ठरत नाही, पण लीगकडून राजकीय धैर्याची अपेक्षा ठेवून जर्सी घेऊ नये.

समाजसेवेची दुसरी बाजू महाराष्ट्राने २०१६ च्या दुष्काळात पाहिली. १२ एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. बीसीसीआयने रेसकोर्सचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू असं सांगितलं होतं, दुष्काळासाठी मदतही देऊ केली होती. प्रक्रिया केलेल्या पाण्याची सूचना अगदी योग्य होती. तिचा दोष एवढाच की ती याचिका आल्यावर आली. खेळपट्टीला पिण्याचं पाणी नको हे कुठल्याही दुष्काळाआधी ठरवता आलं असतं, आणि ते ठरवणं दहा चेकपेक्षा मोठी समाजसेवा झाली असती.

तिकीट किंवा जर्सी घेण्याआधी तपासायचं असेल तर संघाच्या नावाने नव्हे, मालक कंपनीच्या नावाने शोधा. मुंबई इंडियन्सची कंपनी इंडियाविन स्पोर्ट्स. कायद्याने सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा सक्तीचा खर्च, लागू असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात आणि प्रकल्पांची यादी वेबसाइटवर टाकावी लागते. प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत हवा. जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेली स्पॉन्सरशिप त्यात धरता येत नाही. ज्या कंपनीचं सीएसआर तीन वर्षांच्या सरासरीने दहा कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिला एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. तो अहवाल वार्षिक सीएसआर अहवालाला जोडलेला असतो आणि वाचायला अर्धा तास लागतो. त्यात गावांची आणि शाळांची नावं असली तर बिनधास्त पैसे द्या. नुसते 'लाभार्थी' असले तर सामना बघा, आणि देणगी दुसरीकडे द्या.

ईएसएच्या दिवशी साध्या तिकिटावर जायचा विचार असेल तर जरूर जा. उरलेल्या जागा कमी असतात, त्यामुळे तिकीट विक्री उघडल्याबरोबर घ्यावं लागतं, आणि दुपारचा सामना असल्यामुळे टोपी हवीच. पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना तो दिवस अवघड जाईल. निळ्या टी-शर्टातली मुलं पहिल्या चेंडूपासून ओरडत असतात आणि मुंबई हरत असली तरी थांबत नाहीत.