हेडस्पेस कुप्या आणि टेफ्लॉन अस्तराचे सेप्टम: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या न्यायवैद्यक विषविज्ञान प्रयोगशाळेत गेले वर्षभर 20 मिलिलिटरच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या टोपणाने बंद होणाऱ्या काचेच्या हेडस्पेस कुप्या वापरात आहेत. हेडस्पेस म्हणजे बंद कुपीत नमुन्याच्या वर साठणारी वाफ; तीच उपकरणात घेऊन तपासली जाते. औद्योगिक द्रावकाने झालेल्या मृत्यूंच्या तपासणीत मला त्यांचा भरवसा वाटतो, तो मुख्यतः सेप्टममुळे, म्हणजे टोपणाखालच्या, सुईने भोसकता येणाऱ्या चकतीमुळे. सिलिकॉनच्या चकतीला आतून टेफ्लॉनचे पातळ अस्तर आहे. आधीच्या पुरवठादाराच्या साध्या रबरी बुचांत टोल्युइन हे द्रावक मुरत असे. उपकरणाच्या आलेखावरचे, द्रावकाचे प्रमाण दाखवणारे शिखर दिवसागणिक खुजे होत गेले, आणि दोष बुचाचा आहे हे कळेपर्यंत बराच वेळ वाया गेला.

डायक्लोरोमिथेनच्या बाबतीत हा दोष निष्कर्षच बदलू शकतो. जुना रंग काढण्याच्या द्रवांत वापरले जाणारे हे द्रावक सुमारे 40 अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे सैल टोपणातून ते सहज निसटते. शरीरात, मुख्यतः यकृतात, त्याच्या काही भागापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि हिमोग्लोबिनला घट्ट चिकटून राहतो. द्रावक उडून गेले आणि कार्बोक्सिहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन) तेवढे उरले, तर मृत्यू धुराने झाला असा समज होण्याचा धोका असतो. उलट, बंद टाकीत उतरून थोड्याच वेळात गुंगी येऊन श्वास थांबलेल्या कामगाराच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड फारसा तयारच झालेला नसतो. तिथे सारी भिस्त कुपीत टिकलेल्या द्रावकावर असते. अशा नमुन्यात 84, 86 आणि 88 या वस्तुमानांची साधारण 9:6:1 अशी, दोन क्लोरीन अणूंची खूण रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर स्वच्छ उमटते, तेव्हा या कुपीचे मोल कळते.

तक्रारी दोन आहेत. सेप्टमच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्याच फिकट दिसतात, त्यामुळे घाईत चकती उलटी बसते आणि टेफ्लॉनऐवजी सिलिकॉन नमुन्याच्या वाफेकडे येते. टोपणाची कडही थोडी नरम आहे. क्रिम्पर (टोपणाची कड कुपीवर आवळणारे हत्यार) दाबल्यावर मी प्रत्येक टोपण दोन बोटांत धरून फिरवून पाहतो. ते जरा जरी फिरले, तरी कुपी बाद करून नमुना नव्या कुपीत घेतो.

शवविच्छेदनाच्या वेळी मांडीच्या शिरेतील रक्ताची नळी काठोकाठ भरून लगेच थंड जागी ठेवली नसेल, तर आधीच उडून गेलेले द्रावक ही कुपी परत आणू शकत नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. मी पुढचीही मागणी याच कुप्यांची नोंदवली आहे, मात्र सेप्टमची एक बाजू गडद रंगाची असावी, अशी अट घालून.