तारीख नवी, माल जुना: ‘ओपन सोर्स’ म्हणून आम्हाला विकलेली रॉम

जुन्या अँड्रॉइड फोनवर कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बांधलेली अँड्रॉइडची आवृत्ती, टाकून देतो, वर दर महिन्याला सिक्युरिटी अपडेट देतो, फोनमागे इतके पैसे पडतील, असं सांगत कोणी तुमच्या दुकानात, क्लासमध्ये किंवा दवाखान्यात आला, तर त्याच्यासाठी चहा मागवायच्या आधी हे वाचा. आम्ही चहाही पाजला आणि वर्षभर पैसेही दिले.

आमचं काम घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करण्याचं. परळ, दादर, माटुंग्यापासून मुलुंडपर्यंत आमची मुलंमुली पहाटे बाहेर पडतात. प्रत्येकाच्या हातात आमचा फोन, आणि त्यात पेशंटचं नाव, पत्ता, कुठली तपासणी सांगितली आहे ते सगळं. एका ऑफिसने काढून टाकलेले शाओमीचे पोको एफ१ फोन आम्ही एकगठ्ठा घेतले होते. २०१८चं मॉडेल, स्नॅपड्रॅगन ८४५, आजही बऱ्यापैकी पळतं. पण त्याला कंपनीची अपडेटं अँड्रॉइड १० पर्यंतच आली, आणि आम्ही ज्या लॅबला नमुने पोचवतो तिच्या नव्या ॲपला किमान अँड्रॉइड ११ हवं होतं. वीसेक नवे फोन एकदम घ्यायचे म्हणजे दोन लाखांच्या घरात खर्च. तेवढे पैसे तेव्हा नव्हते.

मार्ग मुळात बरोबरच होता, हे आधी सांगते. गुगल अँड्रॉइडचा मूळ कोड खुला ठेवतं. त्यावर काम करणारे लोक कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनांसाठी नवी आवृत्ती बांधतात आणि फुकट देतात. सायनोजेनमॉड हे यातलं जुनं नाव, स्टीव्ह कोंडिकने २००९ साली सुरू केलेलं. २०१६च्या डिसेंबरात ते गुंडाळलं गेलं आणि तोच कोड पुढे लिनिएजओएस म्हणून चालू राहिला. पोको एफ१ साठी लिनिएजची अधिकृत रॉम आहे, फुकट आहे, कोणीही उतरवून घेऊ शकतं. हे मला आज माहीत आहे. तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या एका गाळ्यात आम्हाला कळलं ते एवढंच, की एक ‘डेव्हलपर’ खास आमच्यासाठी रॉम बांधून देणार.

माणूस तिशीतला, बोलायला अतिशय गोड. ‘ताई, पेशंटचा डेटा आहे, तुम्ही फुकटातलं काहीतरी कशाला टाकता?’ हे त्याचं पहिलं वाक्य. फुकट म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतंच की यात काहीतरी पाणी मुरतंय, आणि तो नेमका त्यावर खेळला. त्याच्या रॉमला एक भारदस्त संस्कृत नाव होतं. फोन चालू करताना ते नाव सोनेरी अक्षरांत यायचं, खाली आमच्या सेंटरचा लोगो. आमचे हे तर त्या लोगोवरच खूष झाले.

मी बिल्ड, म्हणजे रॉम बांधली जाते ते काम, बघायला मागितला, तर त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. काळ्या पडद्यावर हिरव्या ओळी झरझर वर जात होत्या. म्हणाला, ‘रात्रभर चालेल हे, सकाळी तुमची रॉम तयार.’ नंतर माझ्या भाच्याने, म्हणजे नणंदेच्या मुलाने, हे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मामी, त्या लॅपटॉपची डिस्क केवढी होती?’ दोनशे छप्पन्न जीबी. रॉमवाल्याने ते मला स्वतःच बढाई मारून सांगितलं होतं, एसएसडी आहे म्हणून. अँड्रॉइड मुळापासून बांधायचं तर गुगलची स्वतःची सूचना चारशे जीबी मोकळी जागा ठेवा अशी आहे, आणि रॅम चौसष्ट जीबी. थोडं कमी-जास्त करून लोक भागवतात, पण विंडोज, फोटो आणि सिनेमे भरलेल्या त्या लॅपटॉपवर रात्रीत रॉम बांधली जाणं कठीण. बांधायला भाड्याचा सर्व्हर घेणारेही असतात. हा मात्र सगळं इथेच होतं म्हणत होता.

टाकणावळ फोनमागे पंधराशे, आणि ‘सिक्युरिटी मेंटेनन्स’ दर महिन्याला अडीचशे. पावती साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही, पैसे भलत्याच नावाच्या यूपीआयवर. मेंटेनन्स वेळच्या वेळी यायचा, हे मान्य करायला हवं. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास फोनवर सूचना, अपडेट, रीस्टार्ट. सेटिंग्जमध्ये ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’समोर त्या महिन्याची नवी तारीख. मी स्वतः ती तारीख बघून पैसे पाठवायचे. त्याने मला हे करायलाच शिकवलं होतं: ‘ताई, तारीख बदलली नाही तर पैसे देऊ नका.’

बिंग फुटलं ते वेगळ्याच कारणाने. एका सकाळी निम्म्या मुलांच्या फोनवर पैसे घेण्याचं ॲप उघडेना. डिव्हाइस सुरक्षित नाही, असा संदेश. त्याला फोन लावला तर ‘सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, संध्याकाळपर्यंत होईल’. संध्याकाळ झाली, आठवडा गेला. मग भाच्याला बोलावलं. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि स्वतःच्या फोनवर कॉलेजपासून रॉमा टाकतो.

त्याने एक फोन लॅपटॉपला जोडला आणि आधी कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, माहिती काढली. कर्नल कधी कंपाइल झाला, म्हणजे कोडपासून बांधला गेला, ती तारीख कर्नलच्या आतच कोरलेली असते. ती निघाली आम्ही पहिला हप्ता दिला त्याच्याही कितीतरी महिने आधीची. म्हणजे सगळ्या अपडेटांत कर्नलला हात लागलेला नव्हता. ‘एवढ्यावरून चोर म्हणता येणार नाही,’ भाचा म्हणाला, ‘काही जण तयार कर्नल तसाच वापरतात.’ मग त्याने दुसरी गंमत केली. आमची एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती, तिचा फोन कपाटात बंद पडून होता. त्यावर चार-पाच महिन्यांची अपडेटं आलेलीच नव्हती. दोन्ही फोनांतून सिस्टिमच्या त्याच त्या मुख्य फायली त्याने बाहेर काढल्या आणि त्यांचे हॅश, म्हणजे फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी बदलणारा ठसा, लावून पाहिले. एकूणएक जुळले. खरी सिक्युरिटी दुरुस्ती झाली असती तर त्या फायली बदलल्याच असत्या. बदललेली फाइल एकच होती: बिल्ड प्रॉप. ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडेल अशी. सेटिंग्जमध्ये दिसणारी तारीख तिच्यातल्या एका ओळीतून येते. हा माणूस दर महिन्याला ती एक ओळ बदलत होता. मुदत संपलेल्या औषधाच्या पट्टीवर नवी तारीख छापावी, तसं. आणि त्याचे आमच्याकडून महिन्याला पाच हजार.

पुढे तासाभरात बाकीचं निघालं. रॉम त्याची नव्हतीच. आतल्या निम्म्या ॲपांच्या पॅकेजांची नावं लिनिएजची, आणि एका कोपऱ्यात ‘अनऑफिशियल’ हा शब्द पुसायचा राहून गेलेला. कुठल्यातरी हौशी पोराने आपल्या वेळात बांधून फुकट वाटलेली रॉम उचलली, नाव खरवडलं, सोनेरी अक्षरं चिकटवली. त्या पोराला बिचाऱ्याला याचा पत्ताही नसेल.

इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण ओळखीच्यांना हा प्रकार सांगितला की ते म्हणतात, ‘फुकटची वस्तू विकली, हीच फसवणूक.’ तसं नाही. ओपन सोर्सची रॉम टाकून देण्याचे, ती सांभाळण्याचे पैसे घेणं यात गैर काहीच नाही, परवानाही त्याला आड येत नाही. फोन फ्लॅश करणं, म्हणजे त्यावर रॉम चढवणं, हे कौशल्याचं काम आहे आणि वीस फोनांचं तर कष्टाचं. त्याने पंधराशे घेतले त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. तक्रार आहे ती न केलेल्या दुरुस्तीचे पैसे घेतल्याची, आणि जे धोके होते ते लपवल्याची.

धोके कोणते, तर पहिला सह्यांचा. अँड्रॉइडची प्रत्येक रॉम आणि तिच्यातली सिस्टिमची ॲपं एका खासगी किल्लीने सही केलेली असतात. आमच्या रॉमवर सही होती ‘टेस्ट कीज’ची. या किल्ल्या अँड्रॉइडच्या कोडसोबतच जगजाहीर आहेत, सरावासाठी म्हणून. त्यांनी सही केलेल्या रॉमवर कोणीही तीच सही मारून स्वतःचं ॲप सिस्टिमचं म्हणून घुसवू शकतो. घरी हौसेने बांधलेल्या रॉमला हे चालून जातं. पेशंटचे पत्ते घेऊन फिरणाऱ्या फोनला नाही. दुसरा धोका रूटचा, म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा देणाऱ्या बदलाचा. पैशांचं ॲप चालावं म्हणून त्याने सगळे फोन गुपचूप रूट केले होते आणि फोनची ओळख खोटी लावून, फोन सुरक्षित आहे का या गुगलच्या तपासणीतून पार केले होते. अशी उधारीची ओळख गुगलच्या लक्षात आली की ती बाद होते. त्या सकाळी तेच झालं होतं.

तिसरी गोष्ट रोज डोळ्यांसमोर होती. फोन सुरू होताना लोगोखाली उघडं कुलूप आणि ‘अनलॉक्ड’ असा शब्द यायचा. मी विचारलं होतं. ‘म्हणजे कुठलंही सिम चालेल, ताई.’ किती सहज खोटं! ते बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिम चढवणाऱ्या प्रोग्रॅमचं, कुलूप. ते उघडल्याशिवाय या फोनवर लिनिएजही बसत नाही, म्हणजे उघडं असणं हाच गुन्हा नव्हे. पण फोन हरवला किंवा कोणाच्या हातात तासभर राहिला तर त्यात काहीही भरता येतं, हे गिऱ्हाइकाला सांगायला नको? गुगलच्या पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस ही सुरक्षेवर भर देणारी रॉम टाकली की कुलूप पुन्हा लावता येतं. म्हणून ज्यांना खरोखर सुरक्षेसाठीच रॉम हवी आहे त्यांनी आधी फोन कुठला ते बघावं, रॉम नंतर. भाच्याचंही हेच मत.

त्या रॉमवाल्याला दुकानात गाठलं तेव्हा भाच्याने एकच मागणी केली: सोर्स दाखव. अँड्रॉइडचा कर्नल म्हणजे लिनक्स, आणि त्याचा परवाना जीपीएल या खुल्या परवान्याची दुसरी आवृत्ती. ज्याच्या हाती बांधलेला कर्नल दिला, त्याने मागितला तर त्याचा सोर्स कोडही द्यावा लागतो. उत्तर आलं, ‘सोर्स आमची कंपनी सीक्रेट आहे.’ ओपन सोर्स म्हणून विकायचं आणि सोर्स सीक्रेट! भाचा हसत सुटला, मला मात्र हसू आलं नाही. गोडवा तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी आमचा नंबर ब्लॉक.

कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकून बघावं म्हटलं, तर काही फोन कोणाच्यातरी ‘मी अकाउंट’चा, म्हणजे शाओमीच्या खात्याचा, पासवर्ड मागून अडून बसले. बूटलोडर उघडताना फोन एका खात्याला जोडावा लागतो, आणि त्याने आमचं खातं न वापरता स्वतःची वापरली होती. फोन आमचे, किल्ली त्याच्याकडे. कोणाकडूनही हे काम करून घेणार असाल तर अकाउंट तुमचं आणि पासवर्ड तुमच्याच वहीत, एवढं नक्की करा.

तक्रार केली आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरही नोंदवली. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं ते ‘मॅडम, सर्व्हिस तर मिळाली ना?’ तारीख बदलणं ही फसवणूक कशी, हे समजावताना भाच्याचा घसा सुकला. शेवटी दोन फोनांचे हॅश, दोन्ही बिल्ड प्रॉप आणि यूपीआयच्या नोंदी कागदावर छापून नेल्या, तेव्हा अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, ते वकिलांनी अर्जात लिहायला लावलं. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून समोरचा हरकत घेऊ शकतो. आपला उदरनिर्वाह या छोट्या धंद्यावर आहे हे आपल्याला दाखवावं लागतं. त्याचे कागद सध्या जमवतोय.

फोनांवर आता लिनिएजची अधिकृत रॉम आहे. भाच्याने रविवार घालवून टाकली, त्यांच्या साइटवरून उतरवून, हॅश जुळवून, रूट न करता. नवी अपडेटं थेट त्यांच्याकडून येतात. त्यालाही मर्यादा आहेत. या फोनचा मूळ ४.९ आवृत्तीचा कर्नल जगभरात २०२३च्या जानेवारीपर्यंतच सांभाळला गेला, आणि चिप व मोडेमच्या कंपनीकडून यायच्या दुरुस्त्या केव्हाच बंद झाल्या. लिनिएज ते लपवत नाही: सेटिंग्जमध्ये ‘व्हेंडर सिक्युरिटी पॅच’ची जुनी तारीख वेगळी दाखवतं. पैशांचं ॲप या फोनांवर आता ठेवलेलंच नाही, मुलांच्या गळ्यात छापील क्यूआर आहे. आणि दर तिमाहीला जमेल तसे फोन बदलत चाललो आहोत.

मध्यंतरी ठाण्याच्या एका फिजिओथेरपी सेंटरच्या बाईंचा फोन आला, आमच्याच एका मुलीच्या ओळखीने. त्यांच्याकडेही तेच संस्कृत नाव, फक्त अक्षरं चंदेरी. मी त्यांना सेटिंग्जमधल्या कर्नलच्या ओळीचा फोटो पाठवायला सांगितला. तारीख, वार, वेळ, सेकंदापर्यंत आमच्या फोनांवरचीच निघाली. त्यांचा वर्षभराचा मेंटेनन्स त्यांनी आगाऊ भरला होता.