बाळाचा बाप्तिस्मा आता, की त्याला कळू लागल्यावर?

बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की ख्रिस्ती घरात बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने मंडळीत सामील करून घेण्याच्या विधीचा, विषय निघतोच. आजी म्हणते, "बाप्तिस्मा उरकून घ्या रे, उगाच लांबवू नका." बाळाच्या आईचे मामा दुसऱ्या मंडळीतले, म्हणजे दुसऱ्या चर्चचे. ते म्हणतात, "विश्वास ठेवायचं वय नाही आणि कसला बाप्तिस्मा? नुसतं डोकं ओलं करायचं!" आमच्या घरात दोन्ही प्रकार सुखाने नांदतात. मी दीड महिन्याचा असताना माझ्यावर पाणी शिंपडलं. बायको एकोणिसाव्या वर्षी स्वतःहून बाप्तिस्म्याच्या टाकीत उतरली. मुलगी झाली तेव्हा आम्ही दोघं शास्त्र उघडून बसलो.

आधी भीती बाजूला ठेवू. घाईत घेतलेल्या निर्णयामागे बहुतेक वेळा तीच असते: बाळाचं काही बरंवाईट झालं तर? तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होतं, हे इफिसकरांस पत्रातलं वचन दोन्ही बाजूंना मान्य आहे. वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्मा मिळालाच नव्हता, तरी येशूने त्याला सुखलोकाचं वचन दिलं. बाप्तिस्म्याला तारणासाठी आवश्यक मानणारी कॅथलिक मंडळीसुद्धा बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं देवाच्या दयेवर सोपवते. 2007 साली रोमच्या धर्मशास्त्रीय आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे, असं सविस्तर मांडलं. तेव्हा भीतीपोटी तारीख ठरवू नका.

बाळाच्या बाप्तिस्म्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा देवाने आपल्या लोकांशी केलेल्या कराराचा. इस्राएलात त्या कराराची खूण म्हणून आठव्या दिवशी मुलग्याची सुंता व्हायची, बाळाला विचारून नव्हे. कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी-शेजारी ठेवतो. शिवाय नव्या करारात लुदिया, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी, स्तेफन हे सगळे घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतात. मात्र त्या घरांत तान्हं बाळ होतं असं कुठेही लिहिलेलं नाही. तुरुंगाधिकाऱ्याच्या गोष्टीत तर घरच्या सगळ्यांना वचन सांगितलं गेलं, हेही आहे. मामा बोट ठेवतात ते तिथेच. मला भावतो तो वेगळाच मुद्दा: आपण आडनावसुद्धा बाळाला विचारून देत नाही. तू कोणाची, हे तिला आधी सांगितलं जातं, कळतं नंतर. देवाने आधी हात धरला, हे याहून सोप्या रीतीने दाखवता येईल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूला क्रम सरळ आहे: ऐकलं, विश्वास ठेवला, मग पाणी. पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टच्या दिवशी ज्यांनी वचन स्वीकारलं त्यांचाच बाप्तिस्मा झाला. कूशी षंढाने, म्हणजे इथियोपियाच्या राणीच्या दरबाऱ्याने, वाटेत पाणी दिसताच स्वतः विचारलं. आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं शिंपडण्यापेक्षा बुडवण्यात जास्त दिसतं, हे मला मान्यच करावं लागतं. बायको सांगते, व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली सिमेंटची टाकी, छातीपर्यंत गार पाणी, पाळकांनी नाकावर रुमाल धरलेला. वर आल्यावर पहिला ऐकू आला तो आईच्या रडण्याचा आवाज. तो दिवस तिला आठवतो. मला माझा आठवत नाही. माझ्याकडे फक्त दाखला आहे.

पण या बाजूलाही अडचण आहेच. नेमकं कळायचं वय कोणतं? आठ की अठरा? आणि तोवर ते मूल कोण? पौल तर विश्वासी पालकांच्या मुलांना पवित्र म्हणतो. या मंडळ्या बाळाचं समर्पण करतात, म्हणजे प्रार्थना आणि आशीर्वाद, पाणी नाही.

आणखी एक गोष्ट वादात निसटते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे ख्रिस्ती लोकांच्या पहिल्या पिढीचं पुस्तक आहे. तिथे मोठ्यांचेच बाप्तिस्मे दिसणार. आपल्याकडेही पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात आणि नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो जाणतेपणी, बरंच काही गमावून. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. प्रश्न ख्रिस्ती घरात जन्मलेल्यांचा आहे, आणि त्यावर वाद जुनाच. इसवी सन 200 च्या सुमारास टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक मुलांचा बाप्तिस्मा लांबवा म्हणतो, म्हणजे तेव्हा तो दिला जात होता. पुढे 1525 मध्ये झुरिकला काहींनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला 1527 मध्ये नगराच्या सत्ताधाऱ्यांनी नदीत बुडवून मारलं.

आता व्यवहाराचं. कॅथलिक असाल तर पर्याय फारसा नाही: जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा द्यावा असा नियम आहे, आणि धर्ममाता किंवा धर्मपिता साधारणपणे सोळा पूर्ण झालेले, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर तो पक्का करणारा विधी) झालेले हवेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मात्र दोन्ही चालतं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन ही बनली तेव्हा त्यात मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही आले, म्हणून दोन्ही रीती मान्य ठेवल्या गेल्या. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत साधारणपणे थांबावंच लागतं.

खरी मेख पुढे आहे. बाळपणीचा बाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळ्या तो दुसऱ्यांदा देत नाहीत. तो न मानणाऱ्या मंडळ्यांच्या लेखी मोठेपणीचा हा पहिलाच. उद्या मुलीला टाकीत उतरावंसं वाटलं तर आजोळी आनंद आणि दुसऱ्या घरी रुसवा. थांबलात तर दोन्ही दारं उघडी राहतात. घर दोन मंडळ्यांत विभागलेलं असेल तर हा मुद्दा हलका समजू नका.

माझं मत विचाराल तर, दोघंही रविवारी उपासनेला जात असाल, घरी प्रार्थना होत असेल, तर आता द्या. केक, हॉल आणि बिर्याणी हेच मुख्य असेल तर थांबा. त्या दिवशी वचनं पालक देतात, बाळ नाही.

आम्ही दिला. बायकोची अट एकच होती: तिला जी वचनं मनापासून देता येणार नाहीत ती ती बोलणार नाही. पाळकसाहेबांनी प्रश्नांचा कागद आठवडाभर आधी आणून दिला. तिने तो फ्रिजवर लावला आणि रोज वाचला. मुलगी दोन ओंजळी झोपेत होती, तिसरीला जागी झाली. "सैतानाचा आणि त्याच्या सर्व कामांचा त्याग करता का?" या प्रश्नाला माझं "होय" घशातच राहिलं. बायकोचं मागच्या बाकावरच्या मामांनासुद्धा ऐकू गेलं.