नोकरी हातात नसताना पुण्यात एक महिना: कर्वेनगरमधील कॉट बेसिसचा अनुभव

नोकरी नसताना सोलापूर सोडून पुण्याला राहायला यावे की नाही, हे ठरवण्यासाठी मी ऑगस्टचा पूर्ण महिना कर्वेनगरमधील एका महिला वसतिगृहात कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीतील एका कॉटचेच भाडे देऊन, काढला. वसतिगृह म्हणजे एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला, चार खोल्या आणि बारा कॉट. चालवणाऱ्या काकू खाली राहतात. त्यांना जाहिरात नको असल्यामुळे नाव आणि पत्ता देत नाही. परंतु माझ्यासारख्या अडचणीत असलेल्या मुलींनी जागा शोधताना काय पाहावे, हे या एका जागेवरून नीट सांगता येते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीमधील टॉवेलच्या एका कारखान्यात मी सात वर्षे हिशेब सांभाळले. टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीतील नोंदी, जीएसटीची विवरणपत्रे, कामगारांचे पगार, सगळे माझ्याकडे होते आणि शेवटी मला १८,००० रुपये मिळत. कारखाना बंद झाला तेव्हा सोलापुरात मला ज्या दोन ठिकाणी बोलावले, तिथे बारा-तेरा हजारांच्या पुढे कोणी जाईना. घरी आई एकटी, घर स्वतःचे, बँकेत १,२०,००० रुपये. त्यातले ४०,००० आईच्या दुखण्याखुपण्यासाठी बाजूला ठेवायचे हे आधीच ठरलेले होते, त्यामुळे पुण्याचा विचार करायला माझ्याजवळ ८०,००० रुपये होते.

नातेवाइकांचे म्हणणे असे, की आधी नोकरी मिळव आणि मग जा. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी निघून मुलाखत देऊन रात्री परत येता येते, हे खरे आहे, आणि मी तसे तीनदा केलेही. तथापि हिशेबाच्या नोकऱ्यांची भरती माझ्या पाहण्यात अशी होत नाही. छोट्या कार्यालयातून सकाळी अकराला फोन येतो, “आज चार वाजता येऊन भेटता का?” सोलापूरहून चार वाजता पोचणे शक्य नसते, आणि उद्या येते म्हटले की उद्यापर्यंत ती जागा दुसऱ्या कोणाला दिलेली असते. असे दोनदा झाल्यावर, पुण्यात राहून शोधल्याशिवाय हे जमणार नाही, अशी माझी खात्री झाली.

मग प्रश्न उरला तो जागेचा. मैत्रिणीच्या ओळखीने मी एक वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) पाहिले. भाडे ११,०००, अनामत ३०,००० आणि दलालाला एक महिन्याचे भाडे, म्हणजे पहिल्या रात्री पाठ टेकण्याआधी ५२,००० रुपये जाणार, त्यावर कराराचा आणि नोंदणीचा खर्च वेगळा. शिवाय करार ११ महिन्यांचा आणि त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे त्याआधी जागा सोडता येणार नाही. येथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुष्कळांचा समज उलटा असतो: करार ११ महिन्यांचा केला म्हणून नोंदणी टळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. कागद पक्का असणे चांगलेच. परंतु सहा महिने बांधून घेणारा पक्का कागद, ज्या माणसाला पुढच्या महिन्याचे ठाऊक नाही त्याच्या काय कामाचा? माझे ८०,००० तिथेच संपले असते आणि मग मिळेल ती नोकरी, मिळेल त्या पगारावर घ्यावी लागली असती.

म्हणून कॉट बेसिसची चौकशी सुरू केली. नऊ ठिकाणी फोन केले आणि सात ठिकाणी पहिलाच प्रश्न होता, “कुठे कामाला आहात?” अजून कुठे नाही म्हटल्यावर कोणी ऑफर लेटर मागितले, कोणी तीन महिन्यांचे पैसे एकदम मागितले, एका ठिकाणी तर फोनच ठेवून दिला. मालकांची भीती मला समजते. तरी ज्याला नोकरी शोधण्यासाठी छप्पर हवे आहे, त्याच्याकडे छपराआधी नोकरी मागितली जाते, तेव्हा फार एकटे वाटते. त्या दिवशी मला रडू आले होते.

कर्वेनगरच्या काकूंनी आधार कार्डाची प्रत घेतली, आईचा नंबर घेतला आणि माझ्यासमोरच आईला फोन लावून दोन मिनिटे बोलल्या. पोलिसांकडे द्यायचा माहितीचा अर्ज भरून घेतला. मग म्हणाल्या, “पगाराची पावती नसू दे गं. पैसे महिन्याच्या आधी दे, आणि सोडायचं असेल तर २५ तारखेच्या आत सांग. एवढंच.” कॉटचे महिन्याला ४,८०० रुपये, तेवढीच अनामत, आणि विजेचे बिल खोलीत वाटून. अनामत सोडण्याच्या दिवशी परत मिळते, हे त्यांनी पावतीवर स्वतःच्या हाताने लिहून सही केली. मी राहत असतानाच पलीकडच्या खोलीतील एक मुलगी घरी परत गेली, तिला वीजबिल वजा करून अनामत दारातच रोख मिळालेली मी पाहिली, तेव्हा ही अट नुसती पावतीपुरती नाही हे कळले.

काकूंकडे एक लांबट वही आहे. त्यात नाव, गाव, आल्याची तारीख, काम लागल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख असे पाच रकाने आखलेले आहेत. माझी ओळ लिहिताना त्या पानावरच्या वरच्या बारा ओळी साहजिकच नजरेखाली गेल्या. सात जणींच्या नावापुढे काम लागल्याची तारीख होती. सर्वांत लवकर १९ दिवसांत, सर्वांत उशिरा चार महिन्यांनी. पाच जणींचा तो रकाना रिकामा होता आणि पुढे फक्त सोडल्याची तारीख होती. काकूंनी पान झाकले नाही, उलट म्हणाल्या, “बघून घे. सगळ्यांना लागतंच असं नाही.” या प्रश्नावर मला अनेकांनी सल्ले दिले, परंतु “पुण्यात काय, काम मिळतंच” असे सांगणाऱ्यांपेक्षा त्या पाच रिकाम्या जागांनी मला अधिक सावध केले आणि खरे सांगायचे तर अधिक धीरही दिला.

आता खोलीविषयी. लोखंडी कॉट, कापसाची गादी, भिंतीत कुलपाचे कपाट. गादी जुनी असली तरी उन्हात टाकलेली असे. पाणी दिवसभर असते. सोलापुरात आमच्याकडे चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे पहिला आठवडाभर मी रोज रात्री न्हाणीघरातील दोन्ही बादल्या आणि टमरेल भरून ठेवत होते. शेवटी खोलीतील जळगावच्या मुलीने प्रेमाने थांबवले. दार रात्री दहाला बंद होते, मात्र कामासाठी उशीर होणार असेल तर आधी कळवले की उघडतात. स्वच्छतेबद्दल माझी एकही तक्रार नाही.

तक्रार आहे ती टेबल आणि आवाज यांची. खोलीत लिहायला टेबल नाही. दिवाणखान्यात एकच आहे आणि त्यावर बारा जणींचा हक्क. इंटरनेट रात्री आठनंतर इतके मंदावते, की अर्जासोबत जोडायची फाइल चढत नाही. फोनवरची मुलाखत द्यायला निवांत कोपरा नाही. मी दोन मुलाखती जिन्याच्या वळणावर उभी राहून दिल्या, त्यातील दुसरीत खालून गाडीचा भोंगा वाजत राहिला आणि समोरच्या बाईंनी विचारले, “तुम्ही रस्त्यावर आहात का?” ती नोकरी गेली. नोकरी शोधणाऱ्या मुली येथे मोठ्या संख्येने राहतात हे काकूंना वहीवरून माहीत आहे, तेव्हा जिन्याजवळच्या अडगळीच्या जागेत एक टेबल, एक खुर्ची आणि एक दार एवढे केले तरी पुष्कळ होईल. मी त्यांना तसे सांगितले आहे. दिवाळीनंतर बघते म्हणाल्या.

जेवण बाहेरच्या खानावळीत घ्यावे लागते. शेजारच्या गल्लीत दोन वेळचे महिन्याला ३,४०० रुपये आहेत. पोळ्या गरम, भाज्या रोज वेगळ्या, आमटी मात्र आमच्या जिभेला गोड. रविवारी संध्याकाळी पुण्यातील पुष्कळ खानावळींप्रमाणे तीही बंद असते. त्या चार रविवारी आईने दिलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणी यांवर निभावले. पत्र्याच्या डब्यात कडक भाकरी महिना महिना टिकते. चटणीवर तेल सोडून ती भाकरी मोडून खाल्ली की परक्या गावातील रविवारची संध्याकाळ थोडी सोपी होते.

ठिकाण निवडताना मी कर्वेनगर घेतले याचे कारण मेट्रो. नळ स्टॉपचे स्थानक बसने जवळ आहे, तिथून रामवाडीपर्यंत थेट जाता येते आणि जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकावर गाडी बदलून पिंपरीच्या मार्गावर जाता येते. हिंजवडीला जाऊन यायला माझा सगळा दिवस गेला, म्हणून त्या बाजूचे अर्ज पहिल्या आठवड्यातच थांबवले. हे सोलापुरात बसून नकाशावर कळले नसते. या भागाशी आणखी एक नाते मनात राहिले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी काढलेला आश्रम १९०० साली येथेच, हिंगण्याला, आला. आधार नसलेल्या बायका या माळावर सव्वाशे वर्षांपूर्वी राहायला आल्या होत्या, हे संस्थेच्या फाटकावरून जाताना रोज आठवे आणि चालीत जरा बळ येई.

महिन्याने प्रत्यक्ष काय दिले, तेही सांगते. मी ऑगस्ट मुद्दाम निवडला. आयकराच्या लेखापरीक्षणाची मुदत ३० सप्टेंबरची असते आणि त्याआधीचे दोन महिने सनदी लेखापालांच्या कार्यालयांना माणसे कमी पडतात. ज्याच्या त्याच्या धंद्याचा असा एक हंगाम असतो आणि नोकरी नसताना गाव बदलायचे असेल तर तो धरून निघावे, असे माझे ठाम मत झाले आहे. मी ३१ अर्ज केले, नऊ ठिकाणी प्रत्यक्ष गेले, आणि त्यातील चार बोलावणी “आज येता का” अशीच होती. २० तारखेला सदाशिव पेठेतील एका कार्यालयाने सप्टेंबरअखेरपर्यंत १४,००० रुपयांवर काम दिले. ते तात्पुरते आहे आणि गणपतीच्या दिवसांत पेठेत पोचणे म्हणजे अर्धा रस्ता पायी, पण काम माझ्या ओळखीचे आहे.

खर्चाचा हिशेब असा झाला: कॉट ४,८००, खानावळ ३,४००, प्रवास १,८००, फोन ३००, किरकोळ २,०००, आणि आईला ८,०००, एकूण २०,३००. अनामत वगळता हातात ७५,२०० होते, म्हणजे एक रुपया न कमावता सुमारे साडेतीन महिने. हा आकडा मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. त्यामुळे महिन्याच्या मध्यावर दहा हजारांची एक नोकरी समोर आली तेव्हा घाबरून हो म्हणावे लागले नाही. वन आरके घेतले असते तर ती मी नक्की धरली असती.

स्वयंपाक स्वतः करायचा असलेल्या, मूल सोबत असलेल्या किंवा रात्रभर फोनवर बोलण्याचे काम करणाऱ्या मुलींना ही जागा सोयीची नाही. ज्यांना वर्षभर एकाच ठिकाणी स्थिर राहायचे आहे, त्यांनी दोघी-तिघींत मिळून फ्लॅट घेतलेला बरा. परंतु जिला यावे की परत जावे हेच अजून ठरवायचे आहे, तिने कुठल्याही कॉटपेक्षा आधी अटी पाहाव्यात: पैसे महिन्याचेच द्यायचे आहेत ना, सोडण्याची तारीख स्पष्ट आहे ना, अनामत परत देण्याचे लिहून मिळते का, आणि आधीच्या मुलींपैकी कोणी गेली असेल तर तिला ती खरोखर मिळाली का. या चारही बाबतींत मी काकूंना पूर्ण गुण देते. टेबल आणि इंटरनेट यांसाठी मात्र एक तारा कापते.

२५ ऑगस्टला मी काकूंना सप्टेंबरही राहते असे सांगितले. आईला इतक्यात आणणार नाही आणि सोलापूरचे घरही भाड्याने देणार नाही; ती म्हणते, “तुझं पक्कं होईपर्यंत मी इथंच बरी.” पुढचा निर्णय २५ सप्टेंबरला. दुसऱ्या महिन्याची पावती फाडून झाल्यावर काकूंनी वही उघडली, काम लागल्याच्या रकान्यात २० ऑगस्ट लिहिले, आणि काम तात्पुरते असल्यामुळे ते पेन्सिलीने लिहिले.